हाताला बसणारं हत्यार

१५ डिसेंबर २०२२ रोजी गिटहब कंपनीने ॲटम हा आपला एडिटर कायमचा बंद केला. २०१४मध्ये तो आला तेव्हा एकविसाव्या शतकाचा, हवा तसा उघडून बदलता येणारा एडिटर अशी त्याची ओळख करून दिली गेली होती. वेबसाइट बनवणाऱ्या हजारो तरुणांनी त्याच्यावर हात बसवला. कोणी रंगसंगती जमवल्या, कोणी शॉर्टकट बांधले, कोणी त्याच्यासाठी पॅकेजेस लिहून इतरांना वाटली. २०१८मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहब विकत घेतली. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा व्हीएस कोड हा एडिटर तेव्हा जोरात होता. जून २०२२मध्ये ॲटम गुंडाळत असल्याची घोषणा झाली आणि सहा महिन्यांत दार बंद झालं. कोड मोकळा होता, त्यामुळे काही हौशी मंडळींनी 'पल्सर' नावाने त्याची शाखा चालू ठेवली. बाकीच्यांना मात्र वर्षानुवर्षांची मांडामांड सोडून नव्या ठिकाणी पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

याच २०२२मध्ये, एप्रिल महिन्यात, ईमॅक्स नावाच्या एडिटरची २८वी आवृत्ती आली. आज चालतो त्या रूपातला ईमॅक्स १९८५ पासून लोकांच्या हातात आहे आणि त्याची मुळं १९७६ पर्यंत जातात. एखाद्याने वीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलेल्या सेटिंगच्या ओळींपैकी बऱ्याचशा ओळी आजही त्यात चालतात. मी दिवसभर याच एडिटरमध्ये काम करतो. तो वेबच्या कामासाठी कसा मांडावा आणि त्या मांडणीत वेळ का घालावा, हे मराठीतून सविस्तर सांगावं असं फार दिवस मनात होतं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. वेबसाइट म्हणजे शेवटी साध्या मजकुराच्या फाइली. पानाचा सांगाडा एचटीएमएलमध्ये, रंगरूप सीएसएसमध्ये, हालचाल जावास्क्रिप्टमध्ये. या फाइली ज्यात लिहायच्या तो टेक्स्ट एडिटर. वर्डसारखा प्रोग्रॅम इथे चालत नाही, कारण तो मजकुराबरोबर आपली सजावटही फाइलीत भरतो. प्रोग्रॅमरचा दिवस या एडिटरच्या खिडकीत जातो. टंकलेखकाला जसा आपला टाइपरायटर कळीकळीने माहीत असे, तसा हा माहीत असायला हवा. प्रत्यक्षात बहुतेकांना तो कंपनीने दिला तसा, आहे त्या सेटिंगवर, वापरायची सवय असते.

*

एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात पीडीपी-१० जातीच्या संगणकांवर टेको नावाचा एडिटर होता. त्यात मूळ पद्धत अशी, की आज्ञांची एक ओळ लिहायची, ती चालवायची आणि मजकुराचं काय झालं ते मागाहून बघायचं. तिथे काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी पडद्यावर बघत बघत लिहिण्याची सोय त्यात पक्की केली आणि कुठल्याही कळीला स्वतःचा मॅक्रो बांधता येईल अशी तजवीज केली. मग काय, ज्याने त्याने आपापले मॅक्रो लिहिले. थोड्याच काळात दुसऱ्याच्या जागी बसलं की कुठली कळ काय करेल याचा भरवसा उरला नाही. १९७६मध्ये गाय स्टील यांनी या सगळ्यांचा मेळ घालायला घेतलं, बराचसा भाग पुढे स्टॉलमननी पुरा केला आणि पहिला ईमॅक्स तयार झाला. तो वाटताना अट एकच होती: जो कोणी त्यात सुधारणा करील त्याने ती सगळ्यांसाठी परत आणून द्यायची.

या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग मात्र एमआयटीतला नाही. हनीवेल कंपनीत बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी १९७८मध्ये मल्टिक्स या यंत्रणेसाठी ईमॅक्स नव्याने लिहिला, तोही लिस्प भाषेत. म्हणजे एडिटरही लिस्पचा आणि त्यात भर घालायची तीही लिस्पमध्येच. त्यांच्या ऑफिसातल्या सेक्रेटरी तो वापरू लागल्या. एडिटरमध्ये आपल्या सोयीच्या आज्ञा कशा घालायच्या याची एक पुस्तिका त्यांच्या हाती होती. हे प्रोग्रॅमिंग आहे असं मात्र त्या पुस्तिकेत कुठे म्हटलेलं नव्हतं. आपल्याला प्रोग्रॅमिंग जमणार नाही अशी समजूत असलेल्या त्या बायका त्यामुळे बिचकल्या नाहीत. त्यांनी पुस्तिका वाचली, कामाच्या आज्ञा लिहिल्या आणि बघता बघता प्रोग्रॅमिंग शिकल्या. स्टॉलमननी ही हकिकत २००२ सालच्या एका भाषणात सांगितली आहे. हा अनुभव डोळ्यांसमोर होता म्हणूनच पुढच्या ईमॅक्ससाठी लिस्प ठरली.

तो पुढचा ईमॅक्स म्हणजे जीएनयू ईमॅक्स. मधल्या काळात जेम्स गॉसलिंग यांनी, ज्यांनी पुढे जावा भाषा तयार केली, सी भाषेत एक ईमॅक्स लिहिला होता. सुरुवातीला तो मोकळेपणाने वाटला जात होता. नंतर त्याचे हक्क एका कंपनीकडे गेले. स्टॉलमननी त्यातला काही भाग आपल्या नव्या ईमॅक्समध्ये घेतला होता. हरकत आल्यावर तो काढून टाकून त्यांनी सगळं नव्याने लिहिलं. १९८५मध्ये हा ईमॅक्स लोकांना मिळू लागला. ज्याला इंटरनेटवरून घेता येत नसे त्याला १५० डॉलरला टेप पाठवली जाई. ज्या परवान्याखाली तो वाटला गेला त्यातूनच १९८९मध्ये जीपीएल हा परवाना घडला, ज्याखाली आजचा लिनक्सचा गाभा वाटला जातो. एडिटर कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न ईमॅक्सच्या बाबतीत असा जन्मापासूनचा आहे.

*

सांगलीत विश्रामबागेजवळ दोन खोल्यांचं एक ऑफिस आहे. तासगाव-मिरज भागातल्या शेतकरी उत्पादक कंपन्या, बेदाण्याचे व्यापारी, शाळा, पतसंस्था यांच्या वेबसाइट तिथे बनतात. तिथे काम करणारी एक मुलगी, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झालेली, मला ओळखीतून भेटली. तिची अडचण साधी होती. "सर, ब्राउझर आणि एडिटर दोन्ही एकदम उघडले की लॅपटॉप बसतोच." लॅपटॉप जुना, मेमरी चार जीबी. व्हीएस कोडसारखे आजचे लोकप्रिय एडिटर इलेक्ट्रॉन या चौकटीवर उभे आहेत, म्हणजे अशा प्रत्येक एडिटरच्या पोटात एक अख्खा क्रोमियम ब्राउझर असतो. एके काळी ईमॅक्स मेमरी खातो म्हणून त्याला नावं ठेवली जात. आज या इलेक्ट्रॉनवाल्यांच्या शेजारी तो हलका ठरतो. तिच्या लॅपटॉपवर उबंटू होतं. आम्ही तिथेच ईमॅक्सची मांडणी करायला बसलो.

पहिलं काम एडिटरबाहेरचं. कॅप्स लॉकची कळ कंट्रोल करून टाकायची. ईमॅक्सच्या बहुतेक आज्ञा कंट्रोल आणि मेटा, म्हणजे आपल्याकडची ऑल्ट, यांच्या जोडीने दिल्या जातात. त्या ज्या काळात ठरल्या त्या काळी लिस्प यंत्रांच्या कीबोर्डवर कंट्रोल स्पेस बारच्या अगदी शेजारी, अंगठ्याखाली असे. आजच्या लॅपटॉपवर ती खाली कोपऱ्यात गेली आहे आणि सगळा भार करंगळीवर येतो. करंगळी दुखायला लागली की माणूस एडिटरला दोष देऊन सोडून देतो. म्हणून हे आधी, बाकी सगळं नंतर.

दुसरं काम, ईमॅक्समध्येच असलेला पाठ पूर्ण करायचा. कंट्रोल-एच आणि टी दाबलं की तो उघडतो. पुढे-मागे जाणं, ओळ कापणं, चिकटवणं, शोधणं, फाइल सेव्ह करणं, अशा मूलभूत गोष्टी त्यात आहेत. तिने तो शांतपणे केला. पहिले काही आठवडे हात अडखळतात, कामाचा वेग कमी होतो, हे मी तिला आधीच सांगितलं. जो हे सांगत नाही तो ईमॅक्सची फुकटची जाहिरात करतो.

तिसरं काम म्हणजे 'इनिट' फाइल. ईमॅक्स सुरू होताना घरच्या फोल्डरमधली ही फाइल वाचतो आणि त्यात लिहिलं असेल तसा वागतो. फाइल ईमॅक्स लिस्पमध्ये असते. इथे बहुतेक जण एक आडवाट धरतात: डूम ईमॅक्स किंवा स्पेसमॅक्स असे तयार संच उतरवून घ्यायचे. ते मन लावून बांधलेले आहेत, आणि ज्यांचा हात व्हिम या दुसऱ्या एडिटरवर बसलेला आहे त्यांना तर डूम लगेच आपलासा वाटतो. पण नवख्याने तिथून सुरुवात करू नये असं माझं ठाम मत आहे. काही बिघडलं की ते ईमॅक्सचं, त्या संचाचं की आपलं, हेच कळत नाही. रिकाम्या फाइलीपासून सुरुवात करावी आणि जी ओळ का लिहिली ते सांगता येत नाही ती लिहू नये. इकडून तिकडून उचललेल्या ओळींनी फाइल इतकी फुगते, की शेवटी सगळी पुसून परत पहिल्यापासून लिहावी लागते. ईमॅक्सच्या मंडळींत याला दिवाळखोरी म्हणायची रीत आहे. आपण काय घातलं हे माहीत असेल तर ती वेळ उशिरा येते.

तिच्या फाइलीत सुरुवातीला आलं ते इतकंच. आवृत्ती २९च्या पुढची असल्यामुळे 'यूज-पॅकेज' आधीच आत होतं. कुठलं पॅकेज हवं, त्याचं सेटिंग काय, कुठल्या कळीला बांधायचं, हे त्यात एका जागी लिहिता येतं. पॅकेजेस आणायला मेल्पा या भांडाराचा पत्ता जोडला. एचटीएमएल पानासाठी ईमॅक्सचा आतला मोडच पुरेसा आहे: स्क्रिप्ट टॅगमध्ये कर्सर गेला की तो जावास्क्रिप्टसारखा वागतो, स्टाइल टॅगमध्ये सीएसएससारखा. तिच्या ऑफिसचं बरंच काम पीएचपी या भाषेत होतं, तिथे एकाच फाइलीत चार भाषांची सरमिसळ असते, म्हणून वेब-मोड घेतला.

मग एमेट. रशियातल्या सर्गेई चिकुयोनोक यांनी वाढवलेली ही सोय, आधी झेन कोडिंग या नावाने ओळखली जाणारी. 'यूएल' लिहायचं, मोठेपणाचं चिन्ह द्यायचं, 'एलआय' लिहायचं, त्याला तारांकनाने पाचाने गुणायचं आणि एक कळ दाबायची. पाच नोंदींची पूर्ण यादी, उघडणाऱ्या आणि बंद होणाऱ्या टॅगसह, समोर येते. बेदाण्याच्या प्रतवारीचा तक्ता तिने असा उभा केला तेव्हा शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा उठून बघायला आला.

जावास्क्रिप्टसाठी दोन गोष्टी उपयोगी पडतात, आणि दोन्ही त्या मानाने अलीकडच्या आहेत. एक ट्री-सिटर. कोडची रचना तो व्याकरणाने समजून घेतो, त्यामुळे रंग आणि इंडेंट अंदाजाने न पडता नेमके पडतात. गंमत अशी की तो ॲटमच्या घरात वाढला. ॲटम गेला, ट्री-सिटर बाकीच्यांनी उचलला आणि ईमॅक्सच्या २९व्या आवृत्तीत तो आला. दुसरी गोष्ट लँग्वेज सर्व्हर. पूर्वी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेची समज वेगळी शिकवावी लागे. २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टने, रेड हॅट आणि कोडएन्व्ही यांना बरोबर घेऊन, एक सामाईक बोली जाहीर केली: भाषेची जाण असलेला एक सर्व्हर मागे चालवायचा आणि कुठल्याही एडिटरने त्याच्याशी त्या बोलीत बोलायचं. हे फंक्शन कुठे लिहिलंय, याला काय काय द्यायचं, नाव बदललं तर कुठे कुठे बदलेल, ही सगळी उत्तरं सर्व्हर देतो. व्हीएस कोडसाठी केलेल्या या कामाचा सर्वांत मोठा लाभ जुन्या एडिटरांना झाला, आणि त्याचं श्रेय मायक्रोसॉफ्टला मोकळेपणाने द्यायला हवं. ईमॅक्समध्ये याची बाजू ईग्लॉट सांभाळतो, तोही २९पासून आतच आहे. ट्री-सिटरची व्याकरणं मात्र आपली आपण बांधून घ्यावी लागतात, त्याला सी कंपायलर लागतो आणि आवृत्त्या जुळल्या नाहीत तर तो अडून बसतो. आमचा सर्वांत जास्त वेळ इथेच गेला. नवख्याने हे पहिल्या दिवशी करू नये. साध्या जावास्क्रिप्ट मोडवर काम उत्तम चालतं.

सेव्ह करताना कोड आपोआप नीटनेटका व्हावा म्हणून प्रेटियर आणि त्याला ईमॅक्सशी जोडणारं ॲफिलिया, आणि कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटसाठी मॅगिट. मॅगिटवर खरं तर स्वतंत्र लेख व्हावा. केवळ त्याच्यासाठी ईमॅक्स वापरणारी माणसं आहेत आणि मला ते पटतं.

*

एवढी मांडामांड कुठल्याही एडिटरमध्ये थोड्याफार फरकाने होते. ईमॅक्स वेगळा कुठे पडतो ते त्याच आठवड्यात दिसलं.

एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या साइटवर शोधाची पेटी होती आणि तक्रार अशी, की 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द टाकला की निम्मीच पानं सापडतात. तिने दोन पानं शेजारी शेजारी उघडली. "बघा की सर, दोन्हीकडं शब्द तोच हाय. एक मिळतोय, एक मिळत नाही." डोळ्यांना काहीच फरक दिसत नव्हता. मी म्हटलं, "'ऱ्यां'वर कर्सर ठेव आणि कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स, बरोबरचं चिन्ह, असं दाब." ईमॅक्सने खाली एक खिडकी उघडली आणि ते अक्षर कशाकशाचं बनलंय ते मांडलं. पहिल्या पानावर: यूनिकोड ०९३१, म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलंत, मग य, काना, अनुस्वार. दुसऱ्या पानावर: ०९३०, म्हणजे साधा र, मग हलंत, मग २००डी हा शून्य रुंदीचा जोडक, जो पडद्यावर कधीच दिसत नाही, आणि मग य. काही कीबोर्ड हे अक्षर पहिल्या रीतीने देतात, काही दुसऱ्या. छापील पानावर दोन्ही सारखीच. संगणकाच्या लेखी हे दोन निराळे शब्द आहेत, आणि यूनिकोडचं जे प्रमाणीकरण आहे तेही या दोन रूपांना एक मानत नाही. मराठीतल्या दुसऱ्या, वाऱ्याच्या, करणाऱ्या, शेतकऱ्यांच्या अशा प्रत्येक शब्दाला हा धोका आहे. मराठी वेबसाइटवर शोध नीट चालत नाही असं आपण जे म्हणतो, त्यामागे अनेकदा हेच असतं.

आता उपाय. ईमॅक्स लिस्पमध्ये आम्ही एक छोटं फंक्शन लिहिलं. कर्सरची जागा लक्षात ठेव. फाइलीच्या सुरुवातीला जा. र, हलंत, जोडक असा तुकडा सापडत राहील तोवर त्याच्या जागी ऱ आणि हलंत घाल. मग होतास तिथे परत ये. पाच-सहा ओळी. लिस्पमध्ये फंक्शनचं नाव देवनागरीत चालतं, तिने 'ऱ्या-सुधार' ठेवलं. फंक्शनमध्ये कर्सर ठेवून कंट्रोल-मेटा-एक्स दाबलं आणि त्या क्षणापासून ते फंक्शन ईमॅक्सची आज्ञा झालं. बंद करून परत उघडणं नाही, कुठे नोंदणी नाही, कुणाची मंजुरी नाही. चालू एडिटरच्या आत, त्याच्याच भाषेत, त्याच्या स्वतःच्या फंक्शनांच्या पंक्तीला हे फंक्शन जाऊन बसलं. जोडकाला सगळीकडून हाकलायचं नव्हतं हे महत्त्वाचं. मराठीत तो इतरत्र मुद्दाम वापरावा लागतो. म्हणून फक्त र आणि हलंतानंतरचा धरला.

मग ते फंक्शन सेव्हच्या आधी चालणाऱ्या हुकला जोडलं, तेही केवळ वेबच्या फाइलींपुरतं. आता ती कुठलंही पान सेव्ह करो, ऱ्या एकाच रूपात जातो. साइटच्या जुन्या फाइली प्रोजेक्टभर शोधून बदलल्या. मॅगिटमध्ये तो बदल पाहणं हा एक अनुभव होता: वरची ओळ लाल, खालची हिरवी, आणि दोन्ही ओळी अक्षरशः सारख्या वाचता येणाऱ्या. शेवटी शोधाच्या पेटीच्या जावास्क्रिप्टमध्येही एक ओळ घालावी लागली, कारण येणारा माणूस कुठल्या रूपात टाइप करील ते आपल्या हातात नाही. त्यानंतर सगळी पानं सापडू लागली.

"हे प्रोग्रॅमिंगच झालं की," ती म्हणाली.

ईमॅक्समध्ये देवनागरी इतकी नीट उमटते ती आपोआप नाही. जपानमध्ये त्सुकुबा इथे इलेक्ट्रोटेक्निकल लॅबोरेटरीत केनिची हांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईमॅक्सला अनेक लिप्या शिकवण्याचं काम केलं आणि ते १९९७मध्ये २०व्या आवृत्तीत मूळ ईमॅक्सात आलं. देवनागरीची जोडाक्षरं जुळवण्याचा सुरुवातीचा कोड ताइची कावाबाता या जपानी माणसाने लिहिला. २००९च्या २३व्या आवृत्तीत आतली सगळी व्यवस्था यूनिकोडवर आली आणि २०२०च्या २७व्या आवृत्तीपासून अक्षरजुळणीचं काम हार्फबझकडे गेलं, जे क्रोम आणि फायरफॉक्सही वापरतात. आपल्या लिपीसाठी परक्या देशातल्या माणसांनी एवढं केलं, याची मला कृतज्ञता वाटते आणि थोडी लाजही.

देवनागरीत काम करणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी सांगून ठेवतो. मराठी लिहिताना कीबोर्ड उबंटू किंवा विंडोजमधून मराठी करू नका. तसं केलं की कंट्रोलच्या आज्ञाही देवनागरी अक्षरांशी जोडल्या जातात आणि ईमॅक्स त्या ओळखत नाही. ईमॅक्सची स्वतःची लेखनपद्धत निवडा, इन्स्क्रिप्ट किंवा आयट्रान्स, आणि कंट्रोलबरोबर उलटी तिरकी रेघ दाबून मराठी-इंग्रजी अशी अदलाबदल करा. आज्ञा चालू राहतात. देवनागरीसाठी फॉन्ट वेगळा नेमा, नोटो सान्स किंवा मुंबईच्या एक टाइपचा मुक्त. नाहीतर इंग्रजी फॉन्टच्या शेजारी मराठी ओळ उंचसखल होते. सम रुंदीचे फॉन्ट देवनागरीला मानवत नाहीत, त्यामुळे कोडमध्ये मराठी आलं की उभे रकाने सरकणार, ते सोसावं लागतं. डिलीट पूर्ण जोडाक्षर काढतं आणि बॅकस्पेस शेवटचं एकच चिन्ह. चुकलेली वेलांटी सुधारायला बॅकस्पेस वापरावी.

*

मग व्हीएस कोड वाईट आहे का? नाही. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२३च्या पाहणीत सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांनी तोच वापरत असल्याचं सांगितलं, आणि ते उगाच नाही. तो पहिल्या दिवसापासून चालतो, चुका शोधण्याची त्याची सोय ईमॅक्सहून सरस आहे, विंडोजवर तो ईमॅक्सपेक्षा सुरळीत पळतो, देवनागरीही छान दाखवतो. त्याचा मूळ कोड मोकळ्या परवान्यावर आहे. पण मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आपण जो उतरवून घेतो तो कंपनीच्या वेगळ्या परवान्याखाली येतो, वापराची माहिती कंपनीला पाठवण्याची व्यवस्था त्यात असते, आणि त्याचं एक्स्टेन्शनचं दुकान इतरांनी केलेल्या शाखांना वापरायला मनाई आहे. तो वापरायचाच असेल तर व्हीएसकोडियम बघा. त्यातही सेटिंगची फाइल स्वतः लिहा, तिची प्रत गिटमध्ये ठेवा, कुठलं एक्स्टेन्शन काय करतं ते वाचा.

व्हिमबद्दलही हेच. ब्रॅम मोलेनार यांनी १९९१मध्ये तो लोकांना दिला आणि ३ ऑगस्ट २०२३ रोजी निधन होईपर्यंत सांभाळला. ज्यांना तो आवडतो त्यांनी युगांडातल्या अनाथ मुलांना मदत करावी, एवढंच त्यांचं मागणं असे. व्हिम आणि त्यातून निघालेला निओव्हिम दोन्ही आजही जोमात आहेत, आणि वेबच्या कामाला कुठेच कमी पडत नाहीत.

आता एआय एडिटरात शिरलं आहे. आपण अर्धी ओळ लिहायची, उरलेली ते लिहिणार. ते वापरायला माझी हरकत नाही, ईमॅक्समध्येही त्याची पॅकेजेस आहेत. पण आपला कोड, आपल्या गिऱ्हाइकाचा कोड, कुठल्या सर्व्हरवर जातो आणि कधी जातो हे ठरवणं आपल्या हातात असायला हवं. ते ठरवता यायचं तर एडिटर उघडून बघता आला पाहिजे. प्रत्येक वर्षी एक नवा चकचकीत एडिटर येतो, पैसे संपले किंवा मालक बदलला की जातो, आणि त्यात घातलेली आपली मेहनत त्याच्याबरोबर जाते. आपल्या धंद्यात कौशल्य हेच भांडवल आहे. ते दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवणं मला चुकीचं वाटतं, विशेषतः लहान गावांतल्या, स्वतःच्या हिमतीवर उभ्या असलेल्या मुलामुलींसाठी.

शेवटी एक विनंती. सांगलीच्या मुलीने केला तो सुरुवातीचा पाठ ईमॅक्सबरोबरच येतो. जपानी, कोरियन, थाई, हिब्रू, रशियन, झेक, स्लोव्हेनियन अशा कितीतरी भाषांत त्याची भाषांतरं झालेली आहेत आणि तीही त्याच्याबरोबर येतात. मराठी त्यात नाही. साध्या मजकुराची हजारेक ओळींची ती एक फाइल आहे. तिचं चांगलं मराठी करायला प्रोग्रॅमर असण्याची गरज नाही. पाठ स्वतः करून पाहिलेला असावा आणि मराठी सरळ लिहिता यावं, एवढं पुरे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे हक्क सोपवण्याचा एक कागद भरून द्यावा लागतो, बाकी अट नाही. दोघा-तिघांनी वाटून घेतलं तर पुढच्या दिवाळीच्या आत होण्यासारखं काम आहे. ज्यांना करावंसं वाटेल त्यांनी या अंकाच्या पत्त्यावर दोन ओळी लिहाव्यात. पहिला भाग मी करायला घेतला आहे.